कोंडाईनं पालथा घातलेला हंडा

एकदा काय झालं, घाटमाथ्यावर एक गाव होतं. तिथं पाऊस म्हणजे किती? चार-चार महिने सूर्याचं तोंड दिसायचं नाही, बरं का. ए, बहिणीला पाय मारू नकोस, गोष्ट ऐक!

तर राजानं दवंडी पिटली, सगळ्यांत जास्त पाऊस ज्या गावात, त्या गावाला मान. मग पाटलांनी चावडीपुढं तांब्याचा हंडा ठेवला. भरला की भिंतीवर रेघ ओढायची, ओतायचा, पुन्हा ठेवायचा. गावकरी हात जोडून म्हणायचे, "पावसोबा, अजून थोडं राहा." पाऊसही फुशारला. त्यानं मुक्कामच ठोकला.

इकडं त्याच गावातल्या कोंडाई म्हातारीचा जीव मेटाकुटीला आलेला. लेक बाळंतीण, नातू बारा दिवसांचा, आणि घरात एक दुपटं कोरडं नाही! ओल्यात निजून पोर गारठलं.

मग ती पाटलांकडं गेली. "हंडा उचला, म्हणजे जाईल हा पाऊस."

"अगं, शेजारचं गाव पुढं जाईल ना!"

दुसऱ्या दिवशी गेली, तेच. तिसऱ्या दिवशी पोरानं दूध सोडलं. मग मात्र कोंडाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जळला मेला तुमचा मान!" तिनं हंडा ओतला, घरी आणला, तीन दगडांवर पालथा घातला. खाली निखारे सारले, वर दुपटी पसरली.

दुपारी दारात एक म्हातारा उभा. अंगावर इरलं, पाणी नुसतं निथळतंय. "माझा हंडा कुठंय?"

कोंडाईनं पावसाला लगेच ओळखलं. "ये, हा बघ तुझा हंडा! आणि या माझ्या नातवाच्या पायाला हात लाव जरा."

पावसानं हात लावला, पाय गारठलेले लागले, तसा तो ओशाळला. "सगळे राहा म्हणाले गं. जा असं कुणी म्हणालंच नाही."

"पाहुण्याला जा कसं म्हणू रे बाबा?" कोंडाई करवादली. तिनं त्याच्या तळहातावर दही घातलं. हातावर दही पडलं की निघायचंच, बरं का. म्हाताऱ्यानं दही चाटलं, "येतो" म्हणाला आणि गेला.

मग नातवाला ऊन-ऊन दुपट्यात गुंडाळलं. घटकाभरात तो दूध प्यायला लागला. मान गेला शेजारच्या गावाला. पाटील तरातरा भांडायला आले, खांद्यावर ओलं धोतर. त्यांनी हंड्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "कोंडाई, एवढ्याला जागा होईल का गं?"

मग बाळ-बाळंतीण सुखात राहिली. पाऊस दरसाल येतो, पण दही दिलं की उठतो. तुमच्या हातावर काय घालू, म्हणजे झोपाल? पाय कोरडे आहेत ना? मग मिटा डोळे.