तिळीचा दाणा आणि सगळ्यांचं 'तर'

एक होती मुंगी. तिचं नाव तिळी. तिळी एवढीशी. तिचं बाळ त्याहून एवढंसं.
बाळ म्हणालं, "आई, काहीतरी गोड दे ना!"

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेवंतामावशीच्या चहाच्या टपरीत शिरली. साखरेच्या बरणीत, अगदी तळाशी, एकच दाणा उरला होता. तिळीने तो तोंडात धरला आणि निघाली घरी.

वाटेत इस्माईल मिस्त्रींचं गॅरेज. तिथे उभी लाल लाल फटफटी. वळसा कोण घालणार? तिळी वरूनच चालली. चाक चढली. टाकी चढली. हँडलखाली होतं एक गोल भोक.
टिप्! दाणा भोकात पडला.

तेवढ्यात आले मिस्त्री. हातात नवा बुश. बुश म्हणजे रबराचं जाड कडं. ते भोकात बसवलं की हँडल थरथरत नाही. मिस्त्रींनी बुश ठोकला. ठक् ठक् ठक्! ग्रीस लावायचंच विसरले. आणि बाकावर जाऊन आडवे झाले.
दाणा राहिला आत. तिळी राहिली बाहेर.

तिळी म्हणाली,
"बुशा, बुशा, निघ ना!
माझा दाणा मिळेना!"
बुश म्हणाला, "कुईं! मी कोरडा. डबा ग्रीस देईल, तर मी निघेन."

तिळी गेली डब्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"डब्या, डब्या, उघड ना!
बुश निघेना,
माझा दाणा मिळेना!"
डबा म्हणाला, "डब् डब्! माझं झाकण घट्ट. पेचकस हलेल, तर मी उघडेन."

तिळी गेली पेचकसाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पेचकसा, पेचकसा, हल ना!
डबा उघडेना,
बुश निघेना,
माझा दाणा मिळेना!"
पेचकस म्हणाला, "खण्! मी कशाला हलू? मिस्त्री उठतील, तर मी हलेन."

तिळी गेली मिस्त्रींकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, उठा ना!
पेचकस हलेना,
डबा उघडेना,
बुश निघेना,
माझा दाणा मिळेना!"
मिस्त्रींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाले, "घुर्रर्र! चहा येईल, तर मी उठेन."

तिळी गेली शेवंतामावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखायला लागले.
"मावशी, मावशी, चहा दे ना!
मिस्त्री उठेना,
पेचकस हलेना,
डबा उघडेना,
बुश निघेना,
माझा दाणा मिळेना!"
मावशी म्हणाली, "अगं बाई! बिनसाखरेचा चहा कोण पितं? बरणी साखर देईल, तर मी चहा देईन."

तिळी गेली बरणीकडे. तुरु... तुरु...
"बरणी, बरणी, साखर दे ना!
चहा येईना,
मिस्त्री उठेना,
पेचकस हलेना,
डबा उघडेना,
बुश निघेना,
माझा दाणा मिळेना!"
बरणी म्हणाली, "किण्! माझ्याकडे होता एकच दाणा. तो नेला मुंगीने. जा, त्या मुंगीलाच विचार!"

ती मुंगी म्हणजे तिळीच की!

तिळीला रडू आलं. मग आला राग. सगळ्यांचा राग आला. एवढीशी तिळी, आणि राग केवढा! केवढाच्या केवढा!
ती बाकाशी गेली आणि स्वतःलाच म्हणाली,
"मुंगी, मुंगी, चाव ना!
साखर मिळेना,
चहा येईना,
मिस्त्री उठेना,
पेचकस हलेना,
डबा उघडेना,
बुश निघेना,
माझा दाणा मिळेना!"
मुंगी म्हणाली, "चावते!"
मुंगी 'तर' म्हणाली नाही.

आणि चावली. मिस्त्रींच्या अंगठ्याला. कच्!
"अयाई गं!"

मिस्त्री उठले. हँडल वळवलं आणि कुईं!
पेचकस हलला.
डबा उघडला.
बुश निघाला. सुळुक्!

"अरेच्चा, बुश कोरडाच बसवला की!" मिस्त्री म्हणाले. त्यांनी भोकात बोट घातलं. बोटाला ग्रीस. ग्रीसला चिकटलेला दाणा.
"हॅट्, कचरा!" मिस्त्री म्हणाले.
टिच्! दाणा उडाला. तिळीच्या पुढ्यात पडला.

मग बुशाला ग्रीस लागलं. बुश भोकात बसला. हँडल इकडे वळलं, हँडल तिकडे वळलं. कुईं नाही, काही नाही. फटफटी खूश. मिस्त्री खूश. तिळीकडे कुणी बघितलं? कुणीच नाही.

तिळीने दाणा घरी नेला. तुरु... तुरु...
बाळ म्हणालं, "आई, हा काळा का?"
तिळीने वरचं काळं काळं तोंडाने खरवडलं. थू थू! कडू कडू! खरवडलं, थुंकली. खरवडलं, थुंकली. आतून निघाला इवलासा पांढरा दाणा.
बाळाने खाल्ला. कुरुम् कुरुम्.
"गोड आहे! आई, तू पण घे ना!"
तिळी म्हणाली, "तूच खा, बाळा. माझं तोंड कडू झालंय."