रेवडीची नखं

“माई, मांजराची नखं काढली तर पाप लागतं का?”

प्राचार्य विश्वंभर नाडगौडांनी हे उभ्याउभ्याच विचारलं. बसायला त्यांना वेळ नव्हता.

गिरजामाई मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पापाचं तुम्हीच सांगायचं. पुस्तक तुमचं आहे.”

पुस्तक होतं खरं. अनासक्तीवर नाडगौडांनी चांगली चारशे पानं लिहिली होती आणि मठाला एक प्रत स्वतःच्या सहीनिशी भेट दिली होती. माईंनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली होती. असं करणाऱ्या त्या बहुधा एकट्याच.

नाडगौडांच्या हातात वेताची झाकणाची टोपली होती. ती त्यांनी जमिनीवर ठेवली, अंगापासून जरा लांब.

“हिच्यात आहे का?”

“हिच्यातच. शहरात निघालोय. साडेचारची वेळ मिळालीय. गाडी रस्त्यावरच उभी केलीय, तोंड शहराकडे करून. तुमच्या बोळात शिरली की वळवायची पंचाईत.”

“हं.”

“दोन मिनिटांत निघतो.”

“निघा की.”

नाडगौडा निघाले नाहीत.

टोपलीत काहीच हलत नव्हतं. कोपऱ्यात पोत्यावर मठाचा बोका झोपला होता. त्याला सगळे हवालदार म्हणत. कामाचा उरक पाहता नाव शोभत होतं.

“तुमच्या गावात गुरांचे डॉक्टर आहेत ना?” माईंनी विचारलं.

“आहेत. त्यांनी साफ नाही म्हटलं. वर मलाच चार गोष्टी सुनावल्या. परवापरवापर्यंत आमच्या कॉलेजात मागच्या बाकावर बसायचा तो!”

“आणि शहरातले?”

“ते करतात म्हणे. कायमचं काम. पुन्हा कटकट नाही.”

माईंनी सूप बाजूला ठेवलं.

“हात द्या.”

“कशाला?”

“द्या तर.”

त्यांनी हात पुढे केला. माईंनी त्यांची करंगळीजवळची बोटं उलगडली आणि एका बोटाच्या सगळ्यात वरच्या पेरावर, सांध्याच्या घडीत, अंगठ्याचं नख रुतवलं.

“इथून.”

“काय इथून?”

“मांजराचं नख आपल्यासारखं वरवर नसतं, नाडगौडा. हाडातून येतं. नख कायमचं काढायचं तर हे पेर काढायचं. एकेका बोटाचं.”

नाडगौडांनी हात मागे घेतला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

“डॉक्टर तसंच काहीतरी म्हणाले होते... माझं लक्ष नव्हतं.”

“जप कशावर मोजता हल्ली?”

नाडगौडांनी खिशातला हात आणखी आत सारला. माळ त्यांना देखाव्याची वाटे. ते बोटांच्या पेरांवर मोजत.

टोपली तशीच होती. गप्प.

“बसा,” माई म्हणाल्या.

ते बसले.

“ते खुर्ची फाडतं, माई.”

“कुठली खुर्ची?”

“...तिची.”

तिची म्हणजे शालनताईंची. नाडगौडांच्या पत्नी गेल्या भाद्रपदात वारल्या. मठात येत त्या शालनताईच. त्या आत माईंपाशी बसत आणि प्राचार्य बाहेर गाडीत वर्तमानपत्र वाचत. ताई गेल्यावर प्राचार्य एकटे येऊ लागले. भेटीला नव्हे, चर्चेला. हा फरक ते स्वतःच आवर्जून सांगत.

“खिडकीजवळची खुर्ची,” नाडगौडा सांगू लागले. “उजव्या हातावर कापड जरा मळलंय. तिथं तिचा हात असायचा. बोलताना ती बोटानं गिरवत बसायची तिथं. मी ते धुवायला दिलं नाही. कुणाला बसू देत नाही. मीही बसत नाही. आणि हे मांजर बरोबर तिथंच... धागे लोंबायला लागलेत. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत काही उरायचं नाही.”

“अनासक्ती कितव्या प्रकरणात येते?”

“थट्टा करू नका, माई.”

“नाही करत. शेवटचं प्रकरण मला आवडलं होतं. तुम्हाला ते जमलंय असं मात्र वाटलं नव्हतं.”

नाडगौडांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टीकेची त्यांना सवय होती. ती वाचकांकडून येण्याची नव्हती.

“उपाय काय केलेत?”

“सगळे. खुर्चीवर प्लास्टिक घातलं. तर मागच्या बाजूनं सुरू. तोंडावर पाणी उडवलं. वर्तमानपत्राची गुंडाळी करून...”

“मारलंत?”

“खुर्चीवर आपटली फक्त. आवाजापुरती.”

“मग?”

“मग काय! खरी गंमत तर पुढंच आहे. दिवसभर ते नखसुद्धा लावत नाही. शेजारच्या बाईंकडे किल्ली असते, त्यांनी पाहिलंय. नुसतं झोपून असतं. मी संध्याकाळी कुलूप उघडलं की उठतं. माझ्याकडे बघतं. नीट बघतं, माई, डोळ्यांत डोळे घालून. आणि मग माझ्यादेखत जाऊन खुर्चीला भिडतं! हा द्वेष नाही तर काय आहे?”

“द्वेष,” माई म्हणाल्या. नव्या भाजीची चव घ्यावी तसा तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला.

मग त्या उठल्या. सुपातले खडे आणि तूस घेऊन दाराबाहेर गेल्या. अंगणाच्या कडेला ते टाकून, हात झटकत परत आल्या.

मठाच्या दारात, चौकटीला अगदी लागून, कमरेएवढा एक लाकडी खुंटा रोवलेला होता. त्याला खालपासून वरपर्यंत काथ्याची दोरी गुंडाळलेली होती. आत येताना नाडगौडांचा गुडघा त्यालाच आपटला होता आणि मठाच्या व्यवस्थेबद्दल त्यांचं एक मत तिथल्या तिथं तयार झालं होतं.

माईंचं पाऊल उंबऱ्यावर पडलं आणि हवालदार उठला.

पोत्यावरून उतरला, थेट खुंट्यापाशी गेला, मागच्या पायांवर उभा राहिला. पुढचे पाय जातील तितके वर नेले, पाठ ताणली आणि खरखर, खरखर काथ्या ओरबाडला. मग माईंच्या पायांना एकदा अंग घासलं आणि पुन्हा पोत्यावर जाऊन झोपला.

“याचा माझ्यावर फार द्वेष आहे,” माई म्हणाल्या. “रोज नदीवरून आले की हेच.”

नाडगौडा बोक्याकडे पाहत राहिले.

“पण हा खुंटा असा वाटेत का?”

“आधी कोपऱ्यात ठेवला होता. शोभेला बरा दिसायचा. हा ढुंकून बघेना, चौकटच सोलायचा. कोपऱ्यात कोण येतं? घरचं माणूस दारातून येतं. ते आलं की याला अंग ताणून सांगायचं असतं. मग चौकटीशेजारीच रोवला. पक्का, हलायला नको असा. हलला की यांचा विश्वास उडतो.”

“आणि नखं?”

“टोकं कापते मी. उजेडात पंजा धरायचा, हलकेच दाबायचा. नख बाहेर येतं. आत गुलाबी दिसतं, त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं. चिडला तर सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं. घाई कुणाला आहे?”

घाई नाडगौडांना होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण किती वाजले ते काही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“शालन बाहेरून यायची,” माईंनी विचारलं, “तेव्हा हे मांजर काय करायचं?”

“मला काय ठाऊक? मी आतल्या खोलीत लिहीत असायचो.”

“कान तर असतील लिहिताना.”

नाडगौडांनी टोपलीकडे पाहिलं.

“नाडगौडा.”

“खरखर ऐकू यायची,” ते हळू म्हणाले. “आधी किल्ली फिरायची. मग खरखर. मग ती काहीतरी बोलायची त्याच्याशी.”

“काय बोलायची?”

“काही नाही. बायकांचं बोलणं.”

“मांजराचं नाव काय?”

“मांजरच म्हणतो मी.”

“ती काय म्हणायची?”

नाडगौडांनी घसा साफ केला. व्याख्यानाआधी ते करत, तसा नाही.

“रेवडी. मला पसंत नव्हतं. मी म्हटलं होतं, काही संस्कृत ठेव.”

माईंनी दाराकडे बोट केलं.

“बाहेर जा.”

“म्हणजे?”

“बाहेर जा आणि आत या.”

नाडगौडा उठले. गुरू अशी काहीबाही आज्ञा करतात आणि तिच्यात गहन अर्थ असतो, हे त्यांनी स्वतःच कुठंतरी लिहिलं होतं. ते ताठ मानेनं बाहेर गेले आणि तसेच आत आले. खुंटा यावेळी त्यांनी चुकवला.

टोपलीतून आवाज आला नाही.

हवालदारानं एक डोळा उघडला, इसम परका असल्याची मनाशी नोंद केली आणि डोळा मिटला.

“पुन्हा,” माई म्हणाल्या.

“माई, साडेचारला तिथं...”

“पुन्हा. शालन यायची तसे या.”

नाडगौडा बाहेर गेले.

यावेळी ते लवकर आले नाहीत.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. अंगणात कुणीतरी वाळत घातलेलं धोतर फडफडत होतं. दाराच्या कडेला नाडगौडांच्या सदऱ्याची एक बाही तेवढी दिसत होती. ती पुढे येई आणि मागे जाई.

माई तांदूळ निवडत होत्या.

बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला. हजार मुलांच्या सभागृहात ध्वनिक्षेपकाशिवाय पोचणारा हा माणूस. पण हा आवाज ओसरीपर्यंत जेमतेम आला.

“आलो गं, रेवडे... आलो.”

ओसरीवर शांतता होती.

मग टोपलीत, वेतावर, एकदाच... खर्र.

थांबलं.

मग दोन्ही पंजांनी, सावकाश, लांबवर. खर्र... खर्र... खर्र...

नाडगौडा उंबऱ्यावर उभे होते. आधाराला त्यांनी खुंटा धरला होता.

टोपलीतला आवाज थांबेपर्यंत ते तिथंच राहिले.

“घरी किल्ली फिरवली की हाच आवाज येतो,” ते म्हणाले. “आणि मी, माई... मी दारातच वर्तमानपत्र गुंडाळून आत शिरतो.”

माईंनी सूप खाली ठेवलं.

“ती गेल्यावर वाटायचं, घरात शिरल्यावर कुणी काही बोलावं. काहीही. नुसतं ‘आलात का’ म्हटलं तरी चालेल. रेडिओ लावून जायचो मी. आल्यावर आवाज असावा म्हणून...”

पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. चारशे पानांच्या लेखकाला ही अडचण सहसा येत नसे.

त्यांची बोटं नकळत खुंट्याच्या काथ्यावर फिरत होती. वरच्या टोकाला दोरी जिथं संपत होती, तिथं ती अडकली.

गाठ होती. दुहेरी, आणि उरलेलं टोक परत आत खोवलेलं.

नाडगौडांनी वाकून पाहिलं. घरातल्या डाळीच्या पिशव्या, जुन्या मासिकांचे गठ्ठे, त्यांच्या हस्तलिखिताचं बासन... सगळ्यांना हीच गाठ असायची. ती सोडवता सोडवता त्यांनी किती वेळा त्रागा केला होता.

“ही गाठ...”

“तिचीच. तुम्ही बाहेर पेपर वाचत होता तेव्हा गुंडाळायची. तीन-चार खेपांत झाला पुरा. म्हणायची, घरीही एक करते खिडकीपाशी.”

“मीच नको म्हटलं,” नाडगौडा म्हणाले. “दिवाणखान्यात खुंटा दिसतो कसा, म्हटलं.”

त्यांनी काथ्याकडे नीट पाहिलं. मधला भाग हवालदारानं पार पिंजून टाकला होता. कुसं निघाली होती, काही फेरे तुटून लोंबत होते. वरची गाठ तेवढी शाबूत होती.

“माई, हे तिच्या हातचं आहे.”

“हो.”

“आणि तुम्ही या बोक्याला फाडू देता?”

“त्यासाठीच गुंडाळलं होतं तिनं.”

नाडगौडांनी गाठीवरचा हात काढला नाही.

हवालदार झोपेत कुशीवर वळला. टोपलीच्या वेतातून एक पांढरा पंजा थोडासा बाहेर आला होता, आणि त्याची नखं बाहेरचं काहीतरी चाचपत होती. नाडगौडा टोपलीपाशी येऊन खाली बसले. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला आणि एक बोट त्या पंजाजवळ नेलं. नखं आत गेली. पंजा बोटावर तसाच राहिला.

“खुर्चीचं मग...” ते म्हणाले.

“प्लास्टिक काढा. शालनचा वास कोंडलाय त्यात. ही पोर तिच्या वासाशेजारी आपला वास ठेवायला जाते. खुंटा खुर्चीला खेटून रोवा, उंच, हिचं अंग पुरं ताणेल असा. काथ्या मी देते.”

“आणि तरी फाडली तर?”

“थोडी फाटेल.”

नाडगौडांनी बोट त्या पंजाखाली तसंच राहू दिलं.

“खुर्ची रिकामी ठेवायची होती मला,” ते अखेर म्हणाले. “ती येईल तेव्हा...”

त्यांनी ओठ मिटले. अशी वाक्यं त्यांच्या पुस्तकात नव्हती.

बाहेर ऊन कललं होतं. साडेचारला शहरात पोचायचं तर आता निघायलाच हवं होतं. ते उठले, टोपली उचलली, यावेळी छातीशी धरून. दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. बोळाच्या तोंडाशी, रस्त्यावर, त्यांची गाडी शहराकडे तोंड करून उभी होती.

माईंनी सूप मांडीवर ओढून घेतलं.

“गाडी आत घ्या, नाडगौडा. आमच्या अंगणात वळते.”