गव्यांच्या कळपातली भुंडी

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात एक राजा राज्य करीत होता. त्याच्या राज्याच्या पश्चिमेला डोंगर होते आणि डोंगरांवर दाट अरण्य होते. त्या अरण्यात बोधिसत्त्व गव्याच्या योनीत जन्मले होते. देह काळाभोर, आणि गुडघ्यांखाली चारही पाय असे पांढरे, की नुकतेच चुन्यात उभे राहून आले असावेत. म्हणून त्यांना श्वेतपाद म्हणत. गव्यांचा एक मोठा कळप त्यांना आपला नायक मानत असे.

त्या कळपात एक रीत होती. कोणत्याही महत्त्वाच्या प्रश्नाला रवंथ केल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. सकाळी चरताना कोणी काही विचारले, तर ऐकणारा नुसती मान हलवी आणि चरत राही. दुपारी सगळे ऐनाच्या झाडांखाली बसत, खाल्लेला चारा पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळत, आणि मग उत्तर येई. त्यामुळे कळपात भांडणे फार कमी होत. उत्तर येईपर्यंत भांडण उकरणाराच आपण कशावरून चिडलो होतो ते विसरून गेलेला असे.

एके दिवशी हा कळप घाटाच्या वरच्या अंगाने बांबूच्या बेटातून चालला होता. वीस-वीस मणांची ती शरीरे बांबू मोडीत निघाली, तेव्हा मोठा कडकडाट झाला. खालच्या वाटेवर व्यापाऱ्यांचा तांडा विसाव्याला थांबला होता. कोणीतरी ओरडले, "चोर आले!" झाले. तांड्याने बैलांना चाबूक लावले आणि धूळ उडवीत पळ काढला. पुढच्या गाडीतल्या बापाला वाटले, पोर आईजवळ आहे. मागच्या गाडीतल्या आईला वाटले, पोर बापाजवळ आहे. पोर कारवीच्या झुडपात उताणी पडून आपल्या पायाचा अंगठा चोखत होती.

कळपाने तिला घेरले आणि हुंगले.

"वासरू आहे," एक म्हणाला.

"शेपूट कुठे आहे मग?"

"वाघानं नेली असेल. बिचारी."

श्वेतपादांची बहीण करवंदी तिथेच होती. तिचे वासरू त्याच हंगामात दगावले होते, आणि तिच्या सडांतले दूध वाया जात होते. तिने कोणाला काही विचारले नाही. ती पोरीशेजारी आडवी झाली, आणि पोरीने अंगठा सोडून दूध धरले.

श्वेतपाद तांड्याच्या मागे बरेच अंतर चालून गेले. पण भीतीने पळणाऱ्या माणसाला गवाही गाठू शकत नाही. ते परत आले, त्यांनी रवंथ केला आणि म्हणाले, "राहू दे."

गुरांत ज्याला शिंगे नसतात त्याला भुंडे म्हणतात. म्हणून कळपाने तिचे नाव ठेवले भुंडी.

नाव ठेवले खरे, पण ते तात्पुरते आहे असेच सगळे समजत होते. शिंगे आज ना उद्या येणारच होती. करवंदी दर सकाळी पोरीचे डोके चाटून पाही आणि म्हणे, "इथं जरा टणक लागतंय." ते पोरीचे कपाळ असे. म्हाताऱ्या माद्यांनी उपाय सुचवले. कोणी म्हणाली डोक्याला चिखल थापा. कोणी म्हणाली हिरड्याच्या बुंध्याला घासा. भुंडीने सगळे मुकाट्याने सोसले. दुपारी कळप रवंथाला बसला की तीही बसे आणि रिकाम्या तोंडाने जबडा फिरवीत राही. तिचा चेहरा इतका गंभीर असे, की तरणे गवे एकमेकांना म्हणत, "भुंडीचा रवंथ बघा. याला म्हणतात मन लावून करणं."

मग तिच्या बोटांचा शोध लागला.

करवंदीच्या कानामागे एक गोचीड होती. जीभ तिथे पोचत नव्हती आणि खोडाला घासूनही ती निघत नव्हती. खेळता खेळता भुंडीने चिमटीत धरून ती उपटली. करवंदीने डोळे मिटले आणि असा सुस्कारा सोडला, की शेजारच्या तिघांनी चरणे थांबवले.

दुसऱ्या दिवशी भुंडीसमोर रांग लागली. तिसऱ्या दिवशी रांगेत शिंगाला शिंग लागले. पुढे पुढे तर कोणी खोडाला अंग घासेनासे झाले. हिरड्यांच्या बुंध्यांवर शेवाळ धरले. पूर्वी गव्यांच्या पाठीवर बसून गोचीड टिपणाऱ्या मैना रागावल्या. त्यांची म्होरकी म्हणाली, "आमच्या चोचींना इथं किंमत उरली नाही. चला गं, रानडुकरांकडे जाऊ." आणि त्या गेल्या. भुंडी खुरांतले काटे काढी, पारध्यांनी लावलेल्या फासांच्या गाठी सोडी, खडकाच्या फटीतली खारी माती खरवडून सगळ्यांना चाटायला देई. असा सुखी कळप त्या अरण्यात दुसरा नव्हता.

वर्षे गेली. भुंडी उंच झाली. कळप चरत असला की ती हळूच घाटाच्या कड्यावर जाऊन बसू लागली. श्वेतपाद एकदा तिच्या मागे गेले. खाली एका तांड्याने जेवणासाठी मुक्काम केला होता, आणि एक बाई पळणाऱ्या पोराच्या मागे घास घेऊन फिरत होती. कड्यावर भुंडीने समोर एक दगड ठेवला होता. त्याच्यापुढे पानावर माती ठेवून ती बाईचा आवाज काढीत होती, "जेव! जेव म्हणते ना!"

दगड जेवत नव्हता. भुंडीने त्याला एक चापट मारली, मग जवळ घेतले.

थंडीचे दिवस होते. तिचे ओठ फुटले होते आणि अंगावर काटा होता. श्वेतपादांना पाहून तिने विचारले, "मामा, माझी शिंगं कधी येणार?"

ती सकाळची वेळ होती. श्वेतपादांनी मान हलवली. त्या दुपारी त्यांनी इतका वेळ रवंथ केला की सगळा कळप उठून चरायला गेला, तरी ते बसूनच होते. भुंडीही समोर जबडा फिरवीत बसली होती.

शेवटी ते म्हणाले, "येणार नाहीत, बाळ. तू गवा नाहीस. खालच्या वाटेनं जातात ना, त्यांच्यातली तू."

भुंडीने आपल्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तरीच."

दुसऱ्या दिवशी श्वेतपादांनी कळपाला सांगितले, की पोरीला माणसांत नेऊन सोडायचे. एरवी रवंथापर्यंत थांबणारा कळप त्या दिवशी थांबला नाही.

"आणि आमच्या कानामागं कोण बघणार?" एक थोराड गवा म्हणाला.

"माझ्या मागच्या खुरात काटा आहे. आजच लागलाय. मी तो मुद्दाम लावून घेतलेला नाही."

"माणसं वाईट असतात. आम्ही तिच्या भल्यासाठीच बोलतोय."

करवंदी सर्वांत शेवटी बोलली. "दादा, ती अजून कच्ची आहे. शिंगं येऊ देत, मग बघू."

"करवंदी, तुला ठाऊक आहे, शिंगं येणार नाहीत."

"ठाऊक आहे," करवंदी म्हणाली. "म्हणून तर म्हणतेय."

तेव्हा बोधिसत्त्वांनी ही गाथा म्हटली:

जिच्या हाताने खाज मिटे, तिचे पाय जो अडवून धरी,
दोर नसलेला पारधी तो, माया म्हणो तो कितीही जरी.

करवंदीने मान खाली घातली. मग ती पोरीजवळ गेली आणि तिचे डोके चाटले. "इथं जरा टणक लागतंय," असे मात्र ती या वेळी म्हणाली नाही.

श्वेतपाद भुंडीला पाठीवर घेऊन डोंगर उतरले. गवा गावात शिरला तर बाण येतात, हे त्यांना माहीत होते. पण कड्यावरून एकट्या पोरीला खाली सोडले असते, तर तिला वाटेत वाघाने गाठले असते.

पायथ्याच्या गावात सकाळची कामे चालली होती. वेशीतून एक प्रचंड काळे जनावर आत आले. त्याच्या पाठीवर केस पिंजारलेली, चिखलाने माखलेली एक आकृती होती. पाणवठ्यावरच्या माणसाने घागर टाकली आणि बोंब ठोकली, "यम आला! रेड्यावर बसून आलाय!"

गावाची पळापळ झाली. काही जण छपरांवर चढले. गावप्रमुखाचे नाव उग्रसेन होते. तो कणगीत शिरला. महिनाभर अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा ताडकन उठला, दारात आला आणि दोन्ही हात हलवून ओरडला, "मला काही झालेलं नाही! ठणठणीत आहे मी! शेजारच्या घरी विचारा!"

शेजारच्या घरातून आवाज आला, "आजोबा, आमचं घर कशाला दाखवता? तुमची पाळी आधी!"

श्वेतपाद चौकात जाऊन शांत उभे राहिले. कोणीच मेले नाही. मग लोक हळूहळू खाली उतरले. यमाने ज्याअर्थी कोणाला नेले नाही, त्याअर्थी तो प्रसन्न आहे, असे उग्रसेनाने कणगीतून बाहेर येता येता जाहीर केले. माळा आल्या. शिंगांना तेल लागले. दूध, गूळ, तांदळाच्या वड्या यांनी भरलेले ताट श्वेतपादांपुढे ठेवण्यात आले. भुंडी पाठीवरून उतरली आणि तिने ताटात हात घातला. कोणीतरी तिच्या हातावर फटका मारला. "देवाचं आहे ते! लांब हो!"

श्वेतपादांनी नाकाने ताट पोरीकडे ढकलले.

"देव रुसला," उग्रसेन म्हणाला. "गूळ कमी पडला असेल. अजून आणा."

अधिक गुळाचे ताट आले. श्वेतपादांनी तेही पोरीकडे ढकलले. मग तुपाचे ताट आले. तेही सरकले. गावकरी चिंतेत पडले. देवाला नेमके काय हवे, याची चर्चा सुरू झाली. एक म्हणाला देऊळ हवे, दुसरा म्हणाला आधी मंडप हवा. भुकेली पोर मधोमध उभी होती, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. वाचकहो, देवाच्या पुढ्यात उभे राहिल्यावर माणसाला माणूस किती चटकन दिसेनासा होतो!

उग्रसेनाची बायको रेवती एवढा वेळ गोठ्यातून हे पाहत होती. ती हात पुसत आली. "अहो, मंडप मागाहून घाला. ते जनावर मघापासून पोरीकडे ताट सारतंय. तिला जेवायला घाला असं सांगतंय ते."

"तुला देवाची भाषा कळते का?"

"नाही कळत. सासूबाई असंच ताट सारायच्या तुमच्याकडे, मी उपाशी असताना. त्यावरून ओळखलं."

रेवती भुंडीसमोर मांडी घालून बसली. तिने विचारले, "नाव काय गं तुझं?"

भुंडी खाली बसली आणि तिने जबडा फिरवायला सुरुवात केली.

"मुकी आहे," लोक म्हणाले. "वेडी आहे. झपाटलेली आहे."

"थांबा जरा," रेवती म्हणाली. "विचार करतेय ती."

सावल्या सरकल्या. लोक कंटाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. शेवटी भुंडीचा जबडा थांबला. माणसांच्या भाषेतले तिला जेवढे येत होते तेवढे तिने गोळा केले, ताटातली एक वडी उचलली, रेवतीच्या तोंडासमोर धरली आणि दरडावून म्हणाली, "जेव! जेव म्हणते ना!"

रेवतीने वडी खाल्ली. मग एक वडी तिने भुंडीला भरवली. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती म्हणाली, "आवाज मात्र अगदी माझ्या आईचा आहे मेलीचा."

इकडे उग्रसेनाच्या मनात दुसरेच चालले होते. देव दारी आला आहे. तो राहिला तर दहा गावची माणसे येतील, दक्षिणा येईल. त्याने फुले गुंफलेला एक जाड दोर श्वेतपादांच्या गळ्यात घातला आणि पिंपळाला बांधला. श्वेतपादांनी मान झटकली असती तरी दोर तुटला असता. पण भोवती पोरेबाळे उभी होती. ते हलले नाहीत.

भुंडीने ते पाहिले. ती उठली आणि सगळ्यांदेखत गाठ सोडू लागली. उग्रसेन धावला, तसा रेवतीने त्याचा हात धरला. "अहो, पोर देऊन चाललाय तो. आणखी किती घ्यायचं त्याच्याकडून?"

दोर खाली पडला. भुंडीने श्वेतपादांच्या कपाळाला कपाळ लावले आणि गव्यांच्या बोलीत विचारले, "मामा, परत येशील?"

श्वेतपादांनी मान हलवली. तिथेच उभे राहून ते रवंथ करू लागले. ते फार सावकाश चघळत होते. भुंडी रेवतीच्या मांडीवर बसून वाट पाहू लागली. पोट भरले होते, अंगावर रेवतीची घोंगडी होती. उत्तर यायच्या आधीच तिचा डोळा लागला. तेव्हा श्वेतपाद वळले आणि पाऊल न वाजवता डोंगराकडे गेले.

कळपाने पुढे मैनांची मनधरणी केली. मैनांनी बरेच ऐकवले, मग त्या आल्या.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीत, जेतवनात सांगितली. त्याला निमित्त झाली वसुला नावाची उपासिका. तिने आपल्या पोरक्या भाचीला, सोमेला, लहानाचे मोठे केले होते. सोमेला भिक्खुणीसंघात जायचे होते. पण ती जाते म्हणाली की वसुला म्हणे, "अजून कच्ची आहे ती." सोमेच्या हातची पेज साऱ्या गल्लीत नावाजलेली होती, आणि मावशीचे गुडघे तिच्याशिवाय कोणाला चेपता येत नसत. प्रवचन ऐकतानाही वसुलेचे पाय सोमेच्या मांडीवर होते.

कथा संपवून शास्त्यांनी जातकाचा, म्हणजे त्या पूर्वजन्मीच्या कथेचा, आजच्या माणसांशी मेळ जुळवला. "त्या वेळची भुंडी ती आजची सोमा. रेवती म्हणजे संघातली वडील भिक्खुणी, जी दाराशी सोमेची वाट पाहत उभी आहे. उग्रसेन म्हणजे वसुलेचे यजमान, जे आत्ता खांबाला टेकून झोपले आहेत. श्वेतपाद मीच होतो. आणि करवंदी..."

"कळलं, भगवन्," वसुला म्हणाली आणि तिने पाय आखडून घेतले. थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या करवंदीला पुढं करमलं का?"

"लगेच नाही," शास्ते म्हणाले.

वसुला सोमेकडे वळली. "उद्या सकाळीच नीघ. पेज मी करीन."

जे उपयोगाचे आहे आणि ज्यावर मायाही आहे, ते त्याच्याच हितासाठी हातातून सोडणे, ही दानपारमी, म्हणजे दानाची परिपूर्णता होय. दुसऱ्या दिवशी वसुलेच्या दारी भिक्खूंच्या पात्रांत करपलेली पेज पडली. त्यांनी ती शेवटच्या घोटापर्यंत संपवली आणि तिच्या पुण्याचे अनुमोदन केले.