येतो म्हणून गेलेला

“...आणि घर सोडताना आईला काय म्हणालास?”

बाबांनी विचारलं. सौमित्रनं ऐकलंच नाही. मांडीवर लॅपटॉप, त्यावर वाकलेली मान, बोटं खडाखडा चाललेली.

“बाबा, आत्ता नको. हे लागत नाहीये.”

“काय लागत नाही?”

“वायफाय.”

बाबांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

सुखपुरी बाबांचा मठ डोंगराच्या माथ्यावर आहे. तिथं मोबाईलला रेंज नाही. एका भक्तानं पत्र्यावर तबकडी बसवून दिलीय, तिच्यातून नेट येतं. ते घ्यायला मठात यंत्र एकच, सौमित्रचा लॅपटॉप. मी तिथं स्वयंपाकाला असते. चूल बाबा बसतात त्या ओट्याला लागूनच आहे, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

सौमित्र पुण्याचा. भल्या पगाराची नोकरी सोडून आलेला. आला तो फोन खालच्या ओढ्यात टाकून आला, आणि मठात येईल त्याला ते सांगायचा. सोडलेलं सांगत फिरू नये असं मला वाटतं, पण मला कोण विचारतंय. लॅपटॉप तेवढा ठेवला, मठाच्या पोथ्या टाईप करायला. त्यातही त्यानं लिनक्स म्हणून नवी सिस्टीम बसवली. जुनी काढली नाही. म्हणजे एकाच यंत्रात दोन बिऱ्हाडं. चालू केलं की विचारतं, या घरात जायचं का त्या.

“जुन्यात आता पाय ठेवणार नाही,” असं त्यानं आरतीनंतर सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं होतं. बाबा तेव्हा सुपारी कातरत होते. हं म्हणाले.

हे झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला बाबांकडून संन्यासाचं नाव मिळणार होतं. घरचं नाव जायचं, नव्या नावापुढं पुरी लागायचं.

आणि आदल्या दिवशी सकाळीच किराण्याची जीप निरोप घेऊन आली.

मठात कुणाला काही कळवायचं असलं तर लोक खाली गावात दत्तू जीपवाल्याला फोन करतात. सौमित्रच्या बहिणीनं, केतकीनं, तसाच केला होता. आई मिरजेच्या दवाखान्यात. छातीचं ऑपरेशन. दुपारी आत नेणार. डॉक्टर म्हणतात, खात्री देत नाही. आणि आई म्हणते, आधी सोमूचं तोंड दाखवा.

“लॅपटॉपवर ये म्हणावं, मी लावत राहते, असं म्हणाली पोरगी,” दत्तूनं मला सांगितलं. पोती उतरवली आणि गेला. सौमित्र पाणी आणायला झऱ्यावर होता. तो वर येईस्तोवर जीप उताराला लागलेली. पायी उतरायचं तर दुपार वाटेतच संपली असती.

मी निरोप सांगितला तेव्हा त्यानं कळशी ठेवली नाही, सोडली. अजून तिला पोचा आहे.

“वायफायचं कार्ड दिसतंय,” तो स्वतःशीच बोलत होता. “यादीत आहे. कुठं अडवलेलं नाही. ड्रायव्हर पुन्हा घातला. तरी उठत नाही...”

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळत होत्या. तो त्या वाचायचा, काहीतरी टाईप करायचा, परत तसल्याच ओळी.

“बंद करून चालू कर,” मी म्हटलं. टीव्हीचं आम्ही तेच करतो.

“केलं, मावशी. किती वेळा केलं.”

“तबकडी बिघडली असंल.”

“तबकडीचा दिवा चालू आहे. तिकडून येतंय. इकडं कुणी घेत नाहीये.”

पत्र्याची सावली ओट्याच्या कडेला आली. ती पायरीवर उतरली की दुपार झाली समजायची. त्यानं एकदा सावलीकडं बघितलं आणि परत बघितलं नाही.

“जुन्यातनं लागतं का?” मी विचारलं.

“मावशी...”

“विचारलं फक्त.”

“तिथं मी जाणार नाही. बाबांना शब्द दिलाय.”

“मला?” बाबा म्हणाले. “मी कुठं मागितला होता?”

सौमित्रचं तोंड उतरलं. तरी म्हणाला, “सोडलं म्हणजे सोडलं, बाबा. एवढ्यातेवढ्याला परत गेलो तर उद्या नाव कुठल्या तोंडानं घेऊ? हे नवीनच चालू करतो. होईल.”

माझ्यानं राहवलं नाही.

“तिकडं आई खाटेवर डोळे लावून पडलीय, आणि ते तुला एवढंतेवढं वाटतं? घाल तुझा शब्द या चुलीत. जाळ कमीच आहे.”

“हौसा,” बाबा म्हणाले.

मी परातीत पीठ होतं ते मळत राहिले.

बाबा जरा पुढं सरकले.

“हे नवीन अडलंय कधीपासनं?”

“बसवलं तेव्हा चालत होतं. छान चालत होतं. नंतर पडलं बंद.”

“मधे काय झालं?”

“काही नाही.”

बाबा थांबून राहिले. ते असे थांबले की समोरच्याला बोलावंच लागतं.

“...एकदा जुन्यात गेलो होतो.”

माझा हात पिठात थांबला.

“कशाला?”

“फोटो होते.”

“कुणाचे?”

“आईचा... एकच. निघालो त्या दिवशीचा. दारात उभी आहे, हातात दह्याची वाटी. बहिणीनं काढला होता.” त्यानं मान वर केली नाही. “दोन मिनिटं बघितला. मग बंद केलं.”

“नीट बंद केलं?”

“बंद म्हणजे बंद, बाबा. शटडाऊन दाबलं. पडदा काळा झाला. दिवा गेला.”

“दिवा गेला,” बाबा म्हणाले.

“हो.”

“आणि दह्याची वाटी घेऊन उभी होती तिला काय म्हणालास?”

“काय म्हणणार? येतो म्हणालो. सगळेच म्हणतात.”

“परत येणार होतास?”

“नाही.”

“तिला माहीत होतं?”

“...नाही.”

सावली पायरीवर उतरायला लागली होती.

बाबांनी तांब्या भरला. “पाणी पी. ओठ सुकलेत तुझे.”

सौमित्रनं लॅपटॉप खाली ठेवला आणि तांब्याला हात घातला. बाबांनी डोळे मिटले. तांब्या काही सुटेना.

“बाबा, सोडा की.”

“मी झोपलोय.”

“घट्ट धरलाय तुम्ही.”

“झोपलेल्याला काय कळतंय.”

आणि घोरायला लागले. खरंच घोरायला लागले, गळ्यातनं. सौमित्रनं जोर लावून ओढला. निम्मं पाणी बाबांच्या मांडीवर, निम्मं त्याच्या. तांब्या होता तिथंच.

त्याचा आवाज फुटला. “बाबा, माझी आई तिकडं... आणि तुम्ही असले खेळ करताय.”

“ओढून आला का?” बाबा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

“नाही.”

“मग काय करशील?”

“तुम्हाला उठवल्याशिवाय कसा...”

तो तिथंच थांबला.

लॅपटॉपकडं बघत राहिला. तांब्यावरचा हात तसाच.

“झोपलंय,” तो म्हणाला, अगदी हळू. “ते जुनं बंद झालेलंच नाही. लवकर चालू व्हावं म्हणून पुरतं बंद होत नाही ते, नुसतं झोपतं. वायरलेसचं कार्ड हातात धरून झोपलंय. म्हणून इकडं कितीही ओढलं तरी...” त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “मला ठाऊक होतं हे. ऑफिसात मी लोकांना सांगायचो.”

बाबांनी डोळे उघडले. तांब्या सोडला.

“आता?”

“त्याला उठवायला लागेल. तिकडं जाऊन.”

“मग जा.”

“पण बाबा, मी तिथं परत जाणार नाही म्हणून...”

“परत?” बाबा म्हणाले. “निघालास कधी तिथनं?”

सौमित्र त्यांच्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता रडतो. रडला नाही. त्यानं लॅपटॉप बंद केला, चालू केला. दोन घरांची नावं आली. बोट जरा वेळ वरच राहिलं, मग जुन्या नावावर पडलं.

निळा उजेड त्याच्या तोंडावर आला. कोपऱ्यात वायफायच्या रेघा उभ्या राहिल्या. त्यानं काही दाबायच्या आधीच लॅपटॉप वाजायला लागला.

“दादा, कुठं होतास रे,” बहिणीचा आवाज. “किती वेळ लावतेय. थांब, न्यायलाच आलेत. आई, हा बघ. आई, इकडं बघ.”

मी परातीवरनं उठून त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं.

हिरव्या टोपीत केस कोंबलेली बाई. नाकाला नळी. डोळे मात्र चांगले जागे.

“सोमू. वाळलास.”

“आई...”

“जेवतोस ना?”

“जेवतो. आई, मी तुला...”

“दाढी का वाढवलीस?”

त्याचा हात दाढीवर गेला. तिनं थोडा दम घेतला.

“तू येतो म्हणाला होतास रे.”

“हो.”

“म्हणून मी रात्रीची कडी लावत नव्हते. केतकी ओरडायची. चोर येतील म्हणायची. मी म्हटलं, तो येऊन दार वाजवेल, मला ऐकू येत नाही हल्ली...”

“चला मावशी,” तिकडं कुणीतरी तिला म्हणालं. चित्र हललं. बहिणीची ओढणी, एक भिंत, छताचे दिवे पळत गेलेले.

“आई, येतो मी. आई. येतो.”

पडदा तोवर थांबला होता. तिनं ऐकलं का नाही, ते कुणाला कळलं नाही.

चुलीवरचा तवा नुसता तापत होता, तो मी उतरवला.

मग सौमित्रनं डोळे पुसले आणि त्या जुन्या घरात आत कुठंतरी गेला, लवकर चालू व्हायची जी खूण होती ती काढली, पुन्हा शटडाऊन दाबलं. या वेळी बंद व्हायला वेळ लागला. तो पडद्यावरनं नजर न काढता बसून राहिला. मग नवं चालू केलं. कोपऱ्यात रेघा आल्या.

“लागलं,” तो म्हणाला. सकाळपासनं ज्याच्यासाठी जीव टाकत होता त्याचं त्याला आता काही नव्हतं.

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “त्यात एसटी बघ.”

त्यानं बघितली. “आत्ता उतरायला लागलो तर मिरजेची शेवटची मिळेल.”

“मग बसलास काय?”

मी भाकरी-ठेचा फडक्यात बांधायला घेतला. तो आत जाऊन पिशवी घेऊन आला. लॅपटॉप बाबांच्या आसनाजवळ सरकवला.

“हा राहू दे इथं. पोथ्या निम्म्या झाल्यात. आलो की परत...”

बाबांनी लॅपटॉप उचलला आणि त्याच्या पिशवीत घातला. वायर गुंडाळून वर ठेवली.

“बाबा, आणि उद्याचं नाव?”

“सोमू म्हणाली ना ती. ऐकलं मी. बरं आहे की.”

पायरीवर ऊन नव्हतं आता. सौमित्रनं चपला घातल्या, परत काढल्या, बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. तो उठला. मी फडकं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते धरलं. गाठ अजून माझ्याच मुठीत होती.

“येतो, बाबा.”

बाबांनी मान हलवली. नाही.

“येतो,” तो पुन्हा म्हणाला. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही.

“नको,” बाबा म्हणाले. “जातो म्हण.”