फडक्याखालची ओळ

"मग किल्ली कधी देणार, बुवा?"

राघोबुवा चुलीपुढं तसेच बसून राहिले. 

बुवा म्हणायचं, पण भगवं त्यांनी कधी नेसलं नाही. उमेदीत शहरात राहून संगणकाचे प्रोग्राम लिहिले, मग सगळं सोडून घाटाखालच्या या मठात आले. अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तेवढा सोबत आणला. तो सुधारायचा, त्याचं पॅकेज बांधायचं, की ते गावोगावच्या अंधशाळांतल्या संगणकांवर आपोआप जाऊन बसायचं. बुवांची सही असल्याशिवाय मात्र एकही संगणक ते आत घेत नसे. त्या सहीची किल्ली एका पेनड्राइव्हमध्ये होती. आणि लोक माळ घालतात तिथं, बुवांच्या गळ्यात, तो पेनड्राइव्ह होता.

शार्दूल त्यांचा शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कुणी सांगायची वाट न पाहणारा. दिवाळीनंतर बुवांनी त्याला एकदाच पॅकेज बांधू दिलं होतं आणि विश्वासानं सही करून टाकली होती. त्यानंतर शार्दूल घरी गेला, तो आजच मठात परतला होता. एका पॅकेजवर किल्ली मागणं म्हणजे पी हळद अन् हो गोरी. पण हे त्याला सांगणार कोण?

"वाचन आता दुप्पट वेगानं चालतं," शार्दूल म्हणाला. "एकही तक्रार नाही."

"तक्रार नाही..."

"नाही. आणि तपासल्याशिवाय मी काही पाठवलेलं नाही. नव्या प्रोसेसरला जी जलद गणितं येतात ती जुन्याला येत नाहीत, एवढं मला कळतं. म्हणून बांधतानाच विचारून घेतलं, तुला ही येतात का? हो म्हणाला. मगच घातली."

"कोण हो म्हणाला?"

"प्रोसेसर."

बुवांनी लाकूड आत सारलं.  शार्दूलनं शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"काय होतंय रे?"

"सकाळपासून कणकण आहे. ताप असेल."

बुवांनी हात उचलला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला. डोळे मिटले.

"नाही ताप," ते म्हणाले. "जा, विहिरीवर अंघोळ करून ये."

शार्दूलला हसू आलं. म्हातारपण, दुसरं काय! "बुवा, हात तुमच्या कपाळावर आहे."

"हो का..."

हात तिथंच राहिला.

शार्दूलचं हसू हळूहळू गेलं. पॅकेज त्यानं आपल्याच संगणकावर बांधलं होतं, वडिलांनी घेऊन दिलेल्या नव्या कोऱ्या संगणकावर. प्रश्न त्याच संगणकाला विचारला होता. उत्तर त्याचंच होतं, आणि ते साऱ्या शाळांतल्या संगणकांच्या वतीनं पॅकेजात जाऊन बसलं होतं.

"पण... चालतंय की सगळीकडं." आवाज खाली आला होता.

"एक सोडून."

बुवा उठले. कोपऱ्यात एक जुना संगणक होता, त्याच्या पडद्यावर धुवट फडकं टाकलेलं. आल्यापासून शार्दूलनं त्याच्याकडं पाहिलंही नव्हतं.

"सरूआक्कांचा," बुवा म्हणाले.

आक्कांना शार्दूल ओळखत होता. अंधशाळेत जन्मभर शिकवून त्या तिथंच मागच्या खोलीत राहिल्या होत्या. डोळे जन्मापासून नव्हते. उतारवयात बोटं आखडली आणि ब्रेल सुटलं, कानही गेल्यातच जमा. माणसांचं बोलणं पोचत नसे. हेडफोन लावून आवाज पार वाढवला की या प्रोग्रामचं वाचन तेवढं ऐकू येई, आणि त्या दिवसभर ऐकत. उरलंसुरलंही एक दिवस जाईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पडद्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी फडकं टाकलं होतं. त्यांना काय करायचा पडदा?

बुवांनी संगणक चालू केला आणि फडकं उचललं.

काळ्या पडद्यावर एकच ओळ आली. हा हुकूम या प्रोसेसरला कळत नाही, अशा अर्थाची.

शार्दूलनं ती वाचली. त्याला डोळे होते.

"कधीपासून?"

"तुझं पॅकेज गेलं तेव्हापासून."

"मग आक्का बोलल्या का नाहीत?"

"बोलल्या की. शाळेच्या शिपायाबरोबर हेडफोन पाठवून दिला. म्हणाल्या, बुवांना सांगा, तो दिवस आला. माझे कान गेले. हा ज्याला कान आहेत त्याला द्या."

शार्दूलनं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"मीही म्हटलं, वय झालं..." बुवा म्हणाले. "जाऊन फडकं उचललं नाही."

"मी आत्ता दुरुस्त करतो, बुवा. बांधताना नाही, प्रोग्राम सुरू होताना विचारीन. ज्याच्या त्याच्या प्रोसेसरला विचारीन. जुन्याला जुनी गणितं, नव्याला नवी. संध्याकाळपर्यंत पोचेल. आणि आक्कांकडं मी स्वतः जातो. तळहातावर अक्षरं काढून सांगतो त्यांना, की कान गेले नव्हते, तुमचे कान..."

"त्यांचा संगणक इथं कसा आला, ते नाही विचारलंस."

शार्दूल उभा होता, तो खाली बसला.

"कधी?"

"गेल्या अमावास्येला. झोपेत. त्रास काही झाला नाही म्हणतात." बुवांनी फडक्याची घडी घातली. "पुस्तक अर्धं राहिलं होतं."

शार्दूल रडला. शाल तोंडात कोंबून रडला. बुवांनी त्याला थोपटलं नाही, गप्पही केलं नाही. त्यांना स्वतःलाच रडू येत होतं.

"मी आता काय करू?" शार्दूलनं विचारलं.

बुवांनी कोनाड्यातला आक्कांचा हेडफोन काढला आणि आपल्या हातांनी त्याच्या कानांवर बसवला. वायर खाली लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती.

शार्दूल ऐकत राहिला. ऐकतच राहिला...

"बुवा," शेवटी तो म्हणाला, "काहीच ऐकू येत नाही."

बुवांनी गळ्यातली किल्ली काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"आता बांधायला बस."