दसरू कुंभाराची उपाशी बोडी

एकदा काय झालं, एका कुंभाराच्या घरातलं बोलणंच बंद झालं.

कुंभाराचं नाव दसरू. दसऱ्याच्या दिवशी जन्मला म्हणून दसरू. तो राहायचा तळ्यांच्या मुलखात. तिथं गावागणिक एक मोठं तळं, आणि कुणाकुणाच्या परसात एक लहानशी बोडी. बोडी म्हणजे घरामागचं छोटंसं तळं, बरं का. त्या मुलखाला एक राजाही होता, पण आपल्या गोष्टीत त्याचं काही काम नाही. त्याला झोपू दे.

तर दसरूची बायको तापानं गेली. मागे राहिली भिवरा, सहा वर्षांची पोर. ती घरात नसताना सगळं क्रियाकर्म उरकलं. परत आली तेव्हा बायकांनी तिला सांगितलं, माय मामाच्या गावाला गेली आहे, येईल. दसरूनंही तेच सांगितलं. खरं सांगायला त्याची जीभच उचलेना. भिवरानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. रडली नाही. विचारलं नाही. त्या दिवसापासून ती बोलायचीच थांबली.

घरामागे एक मोठा खड्डा होता. दसरूच्या आज्यापासून सगळे मडक्यांची माती तिथूनच काढायचे. भिवरा दिवसभर त्याच्या काठावर बसायची. असे पाच महिने गेले. मग एका सकाळी ती चाकापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बा, तिथं पाणी कर. आपण मासे सोडू."

दसरूनं फिरतं चाक तसंच सोडलं आणि कुदळ घेतली.

खड्डा त्यानं नीट केला. काठाशी घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा, आणि मधोमध छातीएवढा खोल डोह, म्हणजे उन्हाळ्यात माशांना गार जागा मिळावी. मग पाणी भरलं. ते एका दिवसात जिरलं. मग तळ चोपून काढला, पुन्हा भरलं. तीन दिवसांत जिरलं. मग मात्र त्यानं मडक्याला मळतो तशी चिकणमाती मळली, तिचा वीतभर जाड थर दिला, आणि बापलेकीनं तो पायांनी तुडवला. तुडवला, तुडवला, इतका तुडवला की मातीत एक भेग राहिली नाही. या वेळी पाणी राहिलं. विहिरीवरून घागरी घागरी आणलेलं, काचेसारखं नितळ पाणी. ओढ्यातून बोटाएवढे सात मासे आणून सोडले.

भिवरा काठावर ओणवी झाली. खूप वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "माय आली."

 दसरूनं वाकून पाहिलं. पाण्यात भिवराचंच तोंड होतं. पण तेच कपाळ, तेच डोळे, तीच हनुवटी. पोर हुबेहूब आईवर गेलेली. तेव्हाच तिला सांगायचं होतं. पण ती हसत होती. त्याला वाटलं, आज नको, उद्या सांगू.

मग भिवरा जेवू लागली. बोलू लागली. दुपारभर पाण्याशी बसायची आणि मायशी गुजगोष्टी करायची. दसरू चाकावरून ऐकायचा. त्याला बरंही वाटायचं, आणि कसंतरीही वाटायचं.

एक दिवस ती म्हणाली, "बा, शेवाळ आलंय. माय हिरवी दिसते." मग दसरूनं सगळं शेवाळ खरवडून काढलं. काठाला आपोआप उगवलेलं लव्हाळं उपटून टाकलं. पाणी पुन्हा आरसा झालं. त्या दुपारी त्यानं पाहिलं, की पाण्यातलं तोंड आधी हसलं, आणि भिवरा नंतर हसली. त्याला वाटलं, उन्हानं डोळे दिपले असतील.

मग ती म्हणाली, "बा, बेडूक उड्या मारतात. माय फाटते." मग दसरूनं बेडूक टोपलीत धरले आणि कुंपणापलीकडे सोडले. गोगलगायी वेचल्या. त्या दुपारी भिवरा पाणी प्यायला उठली. पण पाण्यातली उठली नाही. ती तिथंच बसून राहिली, भिवरा गेली त्या वाटेकडे मान वळवून. दसरूनं ते पाहिलं. पण त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग ती म्हणाली, "बा, मासे वर येतात. मायच्या डोळ्यांत फिरतात." आता दसरूला नाही म्हणायला हवं होतं की नाही? पण नाही म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. त्यानं सातही मासे घागरीत भरले आणि ओढ्यात सोडून आला.

त्यानंतर बोडीवर काही येईना. चतुर येईनात, बगळा येईना. वारा असला तरी पाणी हलेना. परसातली कुत्री ते पाणी पिईना. चारी बाजूंनी नुसती शांतता, आणि मध्ये ते निळं पाणी, डोळा उघडा ठेवल्यासारखं.

मग एक दिवस काय झालं, दसरूनं ओली माती अंगणात पसरली होती. कोंबडी तिच्यावरून गेली. तिची पावलं उमटली. मांजर गेलं. त्याचीही उमटली. मग भिवरा मातीवरून चालत आली, त्याच्या समोरून. माती जशीच्या तशी. एक बोटसुद्धा उमटलं नाही.

दसरू तसाच उठला. मातीचे हात घेऊन धावत मोठ्या तळ्यावर गेला. तिथं कौतिकाबाई होती. ती ढिवरीण, म्हणजे पाण्यावर जगणाऱ्यांतली. सगळा जन्म तळ्यातून शिंगाडे काढण्यात गेला. कंबरभर पाण्यात उभी राहून तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. वेलावरचा हात थांबवला नाही.

मग तिनं विचारलं, "तुझ्या बोडीत राहतं कोण?"

दसरू म्हणाला, कुणीच नाही. मी सगळं साफ ठेवलंय.

"म्हणून तर," ती म्हणाली. "ज्या पाण्यात कुणी राहत नाही ते उपाशी असतं, बाबा. ते कुणाला तरी बोलावतं. पोरीनं आपणहून तोंड दिलं, ते त्यानं धरलं. अमावस्येला तीन दिवस आहेत. त्या दिवशी ती उतरेल आत."

 कौतिकाबाई पाण्यातून वर आली आणि तिनं दसरूला समजावून सांगितलं. पाणी झाकून भागायचं नाही, बुजवूनही भागायचं नाही, पोर आत अर्धी आहे. पाण्याला राहणारं हवं. या तळ्यातून रोज एक टोपली भरून न्यायची, तीन दिवस तीन टोपल्या. पहिल्या दोन तू ओत. तिसरी पोरीनंच ओतायची, आणि राजीखुशीनं. ते कसं करायचं ते तुझं तू बघ, म्हणाली.

पहिल्या दिवशी त्यानं तळ्याच्या तळातला काळा चिखल नेला. टोपली उलटी केली. पाणी गढूळ झालं, तोंड दिसेनासं झालं. भिवरा खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. पण सकाळी पाहतो, तर चिखल खाली बसलेला, आणि तोंड परत आलेलं. आता ते सहा वर्षांचं नव्हतं. मोठं झालं होतं. कपाळावर कुंकू होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कमळाचे पानांसकट कांदे नेले, शिंगाड्याचे वेल नेले, लव्हाळ्याचे गड्डे नेले. पाण्यात उतरला आणि एकेक लावू लागला. पाणी बर्फासारखं गार, उन्हाळा असून. तेवढ्यात पायापाशी कुणीतरी बोललं. बायकोचाच आवाज, बरं का. तोच खर्जातला, जरा बसलेला.

"दसरू," आवाज म्हणाला, "मला झाकू नको."

दसरूच्या हातातला वेल गळाला. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या बायकोनं उभ्या जन्मात कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. ती त्याला 'भिवराचे बा' म्हणायची. आजारात, भ्रमातसुद्धा तेच म्हणायची. ही ती नव्हे. त्यानं वेल उचलला, डोळे मिटले आणि चाचपडत चाचपडत सगळं लावून काढलं. पण पानं कोवळी, विरळ. त्यांच्या फटींतून ते तोंड दिसत राहिलं. आता हसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अमावस्या. दसरूनं टोपली आणली तर भिवरा बोडीच्या काठावर उभी. पाय घोट्यापर्यंत पाण्यात. अंगातून पलीकडचं लव्हाळं दिसतंय, अशी विरळ झालेली. दसरूला तिला ओढून घ्यावंसं वाटलं. पण त्यानं ओढलं नाही. तो तिच्या शेजारी चिखलात गुडघ्यावर बसला.

"भिवरा," तो म्हणाला, "ती तुझी माय नाही. तुझी माय गेली. तापानं मेली. मी तुला खोटं सांगितलं."

पोर पाण्याकडेच पाहत होती. तिनं विचारलं, "मग ती येणार नाही?"

"नाही."

"मामाच्या गावालाही नाही?"

"नाही, बाई. मी आहे. मी एवढाच आहे."

आणि मग भिवरा रडली. इतक्या महिन्यांचं सगळं रडली. हुंदके देऊन, नाक ओढत. तिचे अश्रू टपटप पाण्यात पडले. प्रत्येक थेंबाचं एक वर्तुळ झालं, आणि वर्तुळात वर्तुळ अडकत गेलं. पाण्यातलं तोंड थरथरलं. ते काहीतरी म्हणत होतं, पण आता आवाज येत नव्हता.

दसरूनं टोपली पुढे ठेवली. आत होते बेडूक, गोगलगायी, पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या, आणि शेवाळात गुंडाळलेले सात मासे.  भिवरानं डोळे पुसले. एक मासा ओंजळीत घेतला. त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून पाण्यात सोडला, बरोबर त्या तोंडाच्या कपाळावर. मग दुसरा. मग तिसरा. सातवा सोडला आणि टोपलीच उपडी केली. बेडूक धबाधबा पडले. कमळाचं पान हललं. त्या तोंडानं डोळे मिटले आणि ते खाली गेलं, डोहाच्या तळाशी, चिखलात. एक बुडबुडा वर आला. बस.

भिवरा म्हणाली, "बा, भूक लागली." दसरूनं तिला उचललं. आणि काय सांगू, ती इतकी जड लागली की त्याचे हात भरून आले. तिनं दोन थाळ्या भात खाल्ला आणि भर दुपारी घोरत झोपली.

पुढे बापलेकीनं ती बोडी नीट सांभाळली. वेल माजले की निम्मे काढायचे, निम्मे ठेवायचे. काढलेला पाला एक दिवस काठावरच ठेवायचा, म्हणजे त्यातले किडेमकोडे रांगत परत पाण्यात जातील. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चार घागरी ओतायच्या. माशांना कोंडा टाकायचा तो चिमूटभर, जास्त नाही. बगळे आले, चतुर आले. सातांचे सत्तर मासे झाले. भिवरा मोठी झाली, तिनंही चाक धरलं, आणि तिची मडकी पाच गावांत गेली. बापलेक सुखात राहिली, कौतिकाबाई पण शंभर वर्षं जगली.

फक्त एक होतं. कधी भर दुपारी वारा पडला, आणि कमळाच्या दोन पानांमध्ये हाताएवढं मोकळं पाणी राहिलं, तर तिथं काहीतरी वर येऊन बघायचं. मग भिवरा जवळ जायची नाही. लांबूनच म्हणायची, "नीज आता." आणि ते निजायचं.

तेही निजलं, मासेही निजले. चला, तुम्हीही कूस बदला, पांघरूण वर ओढा, आणि मिटा डोळे.