राजाच्या हातची बाज

एका राज्यात राजवाडा दगडाचा होता आणि त्यातली ऊब सगळी लाकडाची होती. दारे शिसवीची, पलंग सागाचे, तुळया ऐनाच्या. तिथे शूरध्वज नावाचा राजा राज्य करी. राजा शूर होता, उदार होता, पण त्याला एक खोड होती. त्याला थांबता येत नसे. आंबा पिकायच्या आधी कापावा, शाई वाळायच्या आधी पत्राची घडी घालावी, असा त्याचा स्वभाव. राणी कल्याणी हसून म्हणे, "महाराज, एक दिवस आपण सूर्यालाही हाका मारून उठवाल."

त्यांना एकच कन्या, शशिकला. ती सात वर्षांची व्हायला महिना उरला तेव्हा राजाच्या मनाने घेतले की लेकीला असा पलंग द्यायचा, जसा कुठल्याच राज्यात नाही. वनात एक जुना शिसव होता, चार माणसांच्या कवेत न मावणारा. राजाने आपल्या म्हाताऱ्या सुताराला, रायाजीला, तो तोडायला पाठवले. रायाजी रिकाम्या हाताने परत आला.

"महाराज, त्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली आहे. तिने दार चिखलाने लिंपून घेतले आहे, चोचीपुरती फट ठेवली आहे. नर बाहेरून फळे आणून तिला भरवतो. पिले मोठी झाल्याशिवाय ती बाहेर येत नाही. दोन महिने थांबावे."

"वाढदिवस थांबेल का?"

"वाढदिवस नाही थांबणार, महाराज. पलंग थांबेल."

"झाड तोडा," राजा म्हणाला.

झाड तोडले. त्याचे वर्णन मी करीत बसणार नाही, माझ्याने होत नाही. ढोलीत मादी होती, तिच्या पोटाशी दोन पिले होती आणि नर चोचीत उंबर धरून वर घिरट्या घालीत होता, एवढे पुरे. झाड पडल्यावर तो बुंध्यावर उतरला, उंबर खाली ठेवले आणि बोलला. त्या राज्यात पक्षी बोलत, त्याचे कोणाला नवल नव्हते. पण तो जे बोलला ते ऐकून तोडणाऱ्यांच्या हातच्या कुऱ्हाडी गळाल्या.

"माझे घर लाकडात मिटले. ज्याने मिटवले त्याच्या घरात लाकूड टिकणार नाही. माझी पिले झाडाखाली गेली. त्याचे लेकरू दगडात जाईल."

वाढदिवसाला पलंग आला. शशिकला त्यावर बसताच त्याचे चारही पाय वाळक्या काटकीसारखे मोडले. मग दारे बिजागऱ्यांतून निखळली, चौरंग उलले, सिंहासन भर दरबारात राजाला घेऊन खाली बसले. मुलगी जमिनीवर निजली. सकाळी उठून ती म्हणाली, "आईसाहेब, माझ्या करंगळीला काही कळत नाही." राणीने पाय हातात घेतला. करंगळी दगडाची झाली होती.

उभी असताना मुलीला काही होत नसे. आडवी झाली की दगड चढे. गाद्या घातल्या, थंडी गादीतून वर आली. चांदीचा पलंग केला, तरी दगड चढलाच. झोळी बांधली, दोर तुटले. मांत्रिक आले, भस्मे फुंकली, पंगतीला बसून भरपेट जेवले आणि गेले. पाचव्या दिवशी दुसरे बोट दगडाचे झाले, तेव्हा राजाच्या तोंडचे पाणी पळाले. तो एकटा वनात गेला. धनेश अजून त्याच बुंध्यावर होता.

राजाने मुकुट काढून खाली ठेवला. "चूक माझी आहे. शिक्षा मला दे. शाप मागे घे."

"बोललेले मागे येत नाही," पक्षी म्हणाला. "पण शापाला शेवट असतो, तो सांगतो. तीन कामे कर. आपणहून पडलेल्या झाडाचे लाकूड स्वतःच्या खांद्यावर घरी ने. ते सावलीत ठेव, त्याच्यावरून दोन पावसाळे जाऊ दे. मग त्याची बाज कर, तुझ्या हाताने, एकही खिळा न मारता. दुसऱ्याचा हात लागला तर ती उभी राहणार नाही."

"आणि तोवर माझी लेक?"

"आईबापाच्या मांडीवर निजली तर दगड तिला शिवणार नाही. तो मांडीत चढेल."

"चढलेला दगड पुढे उतरतो का?"

"माझी मादी परत येते का?" पक्ष्याने विचारले.

राजाने घरी येऊन सारे सांगितले. राणी आतल्या दालनात खिडकीपाशी मांडी घालून बसली आणि मुलीला जवळ ओढून घेतले.

"एक दिवस तू, एक दिवस मी," राजा म्हणाला.

"मांडी दोघांना आहे, महाराज. पण बाज आपल्यालाच करायची आहे. दगडाच्या बोटांनी करवत धरता येईल का?"



दुसऱ्या दिवशी राजा रानात हिंडून वादळात पडलेला एक फणस शोधून आला आणि त्याचे ओंडके एकेक करून खांद्यावर वाहू लागला. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत. कोणी पुढे होऊ लागला की राजा ओरडे, "हात लावू नका!" खांद्याची सालटी निघाली, पण पहिले काम झाले.

लाकूड पडवीत रचले आणि राजा सुतारकी शिकायला बसला. आजवर त्याने हत्यार धरले ते तलवारच. तलवारीला माप घ्यावे लागत नाही. आता त्याच्या हाती रंधा आला, पटाशी आली, करवत आली. रायाजी शेजारी बसून तोंडाने शिकवी. सवयीने हात पुढे जाऊ नये म्हणून तो आपले दोन्ही हात पाठीमागे उपरण्याने बांधून घेई. राजा रद्दी तुकड्यांवर पाट करी, पोळपाट करी. पाट डुगडुगे, पोळपाट चंद्रकोरीसारखा होई आणि शापामुळे संध्याकाळपर्यंत ते सारे मोडूनही जाई. राणी आतून विचारी, "आज काय मोडले, महाराज?" आणि दोघे हसत. त्या घरातले हसणे तेव्हा अजून संपले नव्हते.

पण दगड चढत होता. पावसाळा सरला तेव्हा राणी गुडघ्यांपर्यंत दगडाची झाली होती. आता तिला उठता येत नसे. शशिकला दिवसा खेळे आणि निजायची वेळ झाली की दाराशी घुटमळे. एकदा तिने ठरवले की झोपायचेच नाही. दोन दिवस डोळे ताणून बसली. तिसऱ्या दिवशी राणी म्हणाली, "बाळ, तू निजलीस की मला विसावा मिळतो. इतकेही देणार नाहीस?" मुलगी रडत रडत मांडीवर आली आणि टेकताक्षणी झोपली.

राजाने हे दारातून पाहिले. तो तडक पडवीत गेला आणि लाकडावर बोटाची पेरे आपटली. वाळलेले लाकूड टणटणीत बोलते, ओले लाकूड बद्द बोलते. सुतारांची ही जुनी परीक्षा आहे.

"वाळले," राजा म्हणाला.

"महाराज, पुन्हा वाजवा. आतून बद्द येते आहे."

"मला टणटणीत ऐकू आले."

"अजून एक पावसाळा आहे, महाराज."

"लाकूड वाळल्याशी काम. पावसाळे मोजून काय करायचे?"

रायाजीचे हात पाठीमागे बांधलेले होते. तो आणखी काय करणार? राजाने ऐकायचे होते तेच ऐकले. एका महिन्यात त्याने बाज उभी केली, आणि खरे सांगतो, ती सुबक झाली होती. पायांत खाचा, खाचांत दांड्यांची टोके घट्ट ठोकलेली, वर काथ्याची वीण. शशिकला तिच्यावर निजली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. राजवाड्यात साखर वाटली. पण आतले ओले लाकूड आता कुठे वाळू लागले होते. ते आक्रसले, दांडे पिळवटले, खाचा सैल पडल्या आणि तिसऱ्या पहाटे मुलीला घेऊन बाज खाली आली. मुलीचे तिसरे बोट दगडाचे झाले. फणसाच्या प्रत्येक दांड्याला उभी चीर गेली होती. त्यातले काहीच पुन्हा वापरण्याजोगे उरले नव्हते.

राजा राणीपुढे उभा राहिला. त्याला मान वर करवेना.

"बाज मोडली, मुलगी नाही मोडली," राणी म्हणाली. "दुसरे झाड पाहा, महाराज."

राजाने दुसरे झाड पाहिले. ओढ्याच्या पुरात उन्मळलेली एक बाभूळ होती, तिचे ओंडके त्याने खांद्यावर आणले. पडवीत रचले. आणि हा राजा, ज्याला आंब्याची अढी पिकेपर्यंत धीर नव्हता, तो त्या लाकडाशेजारी बसून राहिला. पुन्हा एक पावसाळा आला आणि गेला. राणी कमरेपर्यंत दगडाची झाली. पहिले लाकूड राखले असते तर बाज आज झाली असती. राजाने हे मोजले होते. राणीनेही मोजले असेल, पण तिने ते कधी तोंडावर आणले नाही.

त्यानंतरचा पावसाळा मोठा गेला. राजाच्या हाताला घट्टे पडले, त्याचा पाट आता डुगडुगत नसे. राणी आत हसत नसे, कारण छाती जड झाली होती आणि बोलायलाही दम लागे. एके सकाळी तिने राजाला बोलावले.

"दगड आता खांद्यांकडे निघाला आहे. मी हात मुलीभोवती धरले तर ते तसेच राहतील आणि ती आत अडकेल. म्हणून आजपासून हात असे उघडे ठेवते."

तिने दोन्ही हात बाजूला पसरून धरले. त्या दिवसापासून तिने लेकीला कवेत घेतले नाही. शशिकला मांडीवर डोके ठेवी आणि आई वरून नुसती पाहत राही. राजाने लढाईत पुष्कळ पाहिले होते, पण त्या उघड्या हातांकडे त्याला पाहवत नसे.

पाऊस थांबला. राजाने पेरे आपटली. लाकूड टणटणीत बोलले. त्याला वाटले, आपण पुन्हा आपल्याला हवे ते ऐकतो आहोत. त्याने रायाजीला ऐकवले. रायाजी म्हणाला, "वाळले, महाराज." राजाने तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवले, आणि मगच करवत उचलली.

दगड राणीच्या गळ्याशी आला होता. राजाने पटाशी खाली टाकली. तो धावत आत गेला. "कल्याणी, दोनच दिवस. मी रात्रंदिवस बसतो, उद्याच पुरी करतो."

राणीचे ओठ हलले. आवाज इतका बारीक झाला होता की राजाला वाकून कान द्यावा लागला.

"घाई करू नका, महाराज."

ती पुढे बोलली नाही.

राजाने घाई केली नाही. ऐकणाऱ्यांनो, त्या राजाने आयुष्यात जितकी युद्धे जिंकली, त्या सगळ्यांहून हे अवघड होते. त्याने प्रत्येक खाच मापली, पुन्हा मापली, दांड्याचे टोक केसभर तासले, बसवून पाहिले, काढले, पुन्हा तासले. पाचव्या दिवशी वीण पुरी झाली. त्याने बाज डोक्यावर घेतली आणि आतल्या दालनात आणून ठेवली. तिचे चारही पाय जमिनीला सारखे टेकले.

राणीचे डोळे उघडे होते. ते दगडाचे होते. दगड डोळ्यांत कधी गेला, आदल्या दिवशी की त्याच सकाळी, ते कोणालाच कळले नाही.

मांडीवर शशिकला झोपली होती. आता तिला दहावे वर्ष लागले होते. राजाने तिला उचलले. आईचे हात उघडे होते, त्यामुळे काही अडले नाही. बाजेवर ठेवताच वाड्यातली दारे आपापल्या चौकटींत जाऊन बसली, तुळयांच्या चिरा मिटल्या, सिंहासन उभे राहिले. शाप सरला होता. धनेश खिडकीच्या चौकटीवर येऊन बसला, राणीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि उडून गेला. त्याच दिवशी राजाने दवंडी पिटवली की ढोलीचे दार लिंपलेले असेल तोवर त्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावू नये, मग ती राजाज्ञा का असेना. ती दवंडी त्या राज्यात अजून पाळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा दालनात आला तर बाज रिकामी होती. शशिकला आईच्या मांडीवर अंगाचे मुटकुळे करून झोपली होती. तो घाबरून धावला, तिचे पाय चाचपले. तीन बोटे दगडाची होती ती तशीच होती, बाकी सारे मऊ, ऊन होते. दगड आता फक्त दगड होता. राजाने तिला उठवले नाही.

तिसऱ्या दिवशीही तसेच झाले आणि चौथ्याही. दासी म्हणाल्या, "महाराज, एवढ्या कष्टाची बाज, तिच्यावर निजायला सांगावे." राजा म्हणाला, "निजेल तेव्हा निजेल." तो रोज सकाळी येई, रिकाम्या बाजेची वीण हाताने सारखी करी आणि दरबारात जाई. अशी दोन वर्षे गेली.

मग एका पहाटे शशिकलेने पाय पोटाशी घेऊन पाहिले, कूस बदलून पाहिली, खांदा वळवून पाहिला. ती मांडीत मावेना. ती थोडा वेळ आईच्या उघड्या हातांमध्ये उभी राहिली. मग तीन दगडी बोटांवर लंगडत बाजेपाशी गेली आणि आपणहून आडवी झाली.

सकाळी राजाने तिला बाजेवर पाहिले. बाज जराही करकरली नव्हती. राजा राणीच्या रिकाम्या मांडीपाशी खाली बसला, तिच्या दगडी गुडघ्यावर कपाळ टेकले आणि पहिल्यांदा रडला. तो पुष्कळ वेळ रडला. त्याला उठायची घाई नव्हती.

अशी ही त्या घराची गोष्ट, जिथे लाकूड पुन्हा उभे राहिले. सांगणाऱ्याने सांगितली, ऐकणाऱ्यांनी ऐकली, आता ज्याने त्याने आपापल्या घरी जावे.